नरक्या आणि पेशीतला पीळ

मुंबई इलाख्याचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल जॉन ग्रॅहॅम १८३९ च्या मे महिन्यात खंडाळ्याला वारला. टपालखात्याची नोकरी सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची मोठी यादी तयार केली होती. तो गेला तेव्हा पुस्तक छापखान्यात होते. राहिलेले काम जोसेफ निमो याने पुरे केले आणि त्याच वर्षी ते मुंबईत प्रसिद्ध झाले. निमोच्या नावाने नोंदलेले एक लहानसे झाड त्या पुस्तकात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आज त्याला नोथापोडायटीस निमोनियाना म्हणतात. सह्याद्रीतली माणसे त्याला नरक्या म्हणतात, काही ठिकाणी अमृता.

झाड दिसायला साधे आहे. उंची बेताची, पाने मोठी, फुले पिवळसर आणि बारीक, त्यांना वास मात्र नकोसा, फळे पिकल्यावर जांभळट. लाकूड इमारतीच्या कामाचे नाही. भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, आंबोली अशा घाटमाथ्याच्या दाट रानात ते वाढते. दीडशे वर्षे त्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. मग विसाव्या शतकाच्या शेवटी रात्रीच्या वेळी ट्रक येऊ लागले आणि हे झाड बुंध्यासकट, कुठे कुठे मुळासकट जाऊ लागले. कारण त्याच्या लाकडात आणि सालीत कॅम्प्टोथेसिन नावाचा एक रेणू आहे, आणि त्या रेणूपासून कर्करोगाची औषधे बनतात.

मावळातल्या वाचकासाठी हा विषय लांबचा नाही. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या नवलाख उंबऱ्यासारख्या गावात आज दोन्ही जगे एकमेकांशेजारी नांदतात. एकीकडे कारखाने, हरितगृहांतली फुलशेती, पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत काही तासांत नेणारा रस्ता. दुसरीकडे अंदर मावळचे डोंगर, देवरायांची परंपरा, झाडपाल्याची माहिती असलेली म्हातारी माणसे. घरात कुणाला कर्करोग झाला की दोन्हीकडून सल्ले येतात. एक जण मुंबईच्या टाटा रुग्णालयात घेऊन जा म्हणतो, दुसरा कुठल्याशा गावच्या मुळीचा पत्ता देतो. ‘झाडातच औषध असते, मग डॉक्टर विष कशाला टोचतात?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला मनापासून उत्तर द्यायला हवे. नरक्याची गोष्ट हे त्याचे सर्वांत चांगले उत्तर आहे, असे मला वाटते.

या गोष्टीतला मुख्य माणूस खानदेशातला. मनसुख छगनलाल वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वॉल आधी अमेरिकेच्या शेतीखात्यात होते. तिथे कॉर्टिसोनसाठी कच्चा माल देणारी वनस्पती शोधताना त्यांनी हजारो वनस्पतींचे अर्क काढून ठेवले होते. त्यातले काही अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला गेले, आणि चीनमधल्या कॅम्प्टोथेका नावाच्या झाडाच्या अर्काने उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर ठळक परिणाम दाखवला. अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यातला नेमका कोणता काम करतो हे ठरवायचे म्हणजे अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, जो प्रभावी ठरेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे. हे काम वर्षानुवर्षे चालले. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांनीच पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून काढलेल्या टॅक्सॉलची रचना मांडली. स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगावर आज जगभर जे औषध दिले जाते ते हे. एका माणसाच्या हातून अशी दोन औषधे जगाला मिळावीत, आणि त्या माणसाचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत शोधावे लागावे, याची मला खंत वाटते. वाणी १० एप्रिल २०२० रोजी गेले.

रचना कळल्यावर सगळे सुरळीत झाले असे नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७० च्या आसपास रुग्णांवर पहिल्या चाचण्या झाल्या त्या त्याच्या सोडियम क्षारावर. क्षार पाण्यात सहज विरघळला, पण त्याने गाठींवर फारसा परिणाम केला नाही आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबल्या. रेणूच्या एका टोकाला लॅक्टोन म्हणतात ते वलय असते. ते मिटलेले असले तरच रेणू काम करतो. क्षार करताना तेच उघडले जात होते. आम्लधर्मी लघवीत ते पुन्हा मिटे, म्हणजे औषध गाठीजवळ झोपलेले आणि मूत्राशयात जागे. एका वलयाच्या मिटण्या-उघडण्यावर औषध आणि विष यांतला फरक ठरत होता.

नेमक्या त्याच काळात, १९७२ मध्ये, गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले. चिनी झाडापेक्षा इथे ते कितीतरी अधिक प्रमाणात होते. जगातल्या उत्तम स्रोतांपैकी एक मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर उभा होता, पण औषधच बाजूला पडल्यामुळे तेव्हा कोणी धावले नाही.

आता थोडे पेशीच्या आत जाऊ, कारण पुढची सगळी गोष्ट तिथे घडते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. त्यावर तीन अब्ज अक्षरी मजकुराच्या दोन प्रती असतात आणि त्या मजकुरात वीस हजारांच्या आसपास जनुके. काही जनुके पेशीला वाढायला, विभागायला सांगतात. काही थांबायला सांगतात. काही मजकुरातल्या चुका दुरुस्त करतात, आणि चूक दुरुस्त होण्यापलीकडची असेल तर पेशीला मरायचा हुकूम देतात. निरोगी शरीरात पेशी रोज अशा हुकुमाने मुकाट मरत असतात. त्यावरच आपण जगतो. कर्करोग म्हणजे या मजकुरातल्या चुकांचा साठा. वाढीचा हुकूम देणारे रास नावाचे जनुक चुकीने कायमचे चालू राहते. थांबवणारे पी-५३ जनुक निकामी होते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेले सापडते. एका चुकीने सहसा गाठ होत नाही. अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात जमाव्या लागतात, त्याला वर्षे लागतात, आणि म्हणूनच हा बहुधा उतारवयाचा आजार आहे.

चुका येतात कुठून? काही नक्कल करतानाच होतात. काही आपण आत घेतो. मशेरीचे उदाहरण घ्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि दातांना लावायची, ही सवय आपल्या ग्रामीण भागात, विशेषतः बायकांमध्ये, अजून आहे. ‘दात शिवशिवतात म्हणून लावते’ असे सांगितले जाते. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मशेरीत नायट्रोसमाइन वर्गातली रसायने दाखवून दिली. ही रसायने शरीरात गेल्यावर आपलीच एन्झाइमे त्यांचे रूप बदलतात आणि बदललेला तुकडा डीएनएच्या ग्वानिन या अक्षराला जाऊन चिकटतो. पुढच्या नकलेत ते अक्षर चुकीचे वाचले जाते. हे पी-५३ मध्ये झाले तर थांबवणारा एक हुकूम कायमचा गेला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मार्ग वेगळा असतो. तिथे एचपीव्ही हा विषाणू पेशीत शिरून स्वतःची दोन प्रथिने बनवतो. ई-६ हे पी-५३ ला नष्ट करवते, ई-७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनाला बांधून ठेवते. जनुके शाबूत असतात, पण त्यांची प्रथिने कामावर उरत नाहीत.

अशी सुटलेली पेशी विभागत राहते, आणि विभागायचे तर प्रत्येक वेळी दोन मीटर डीएनएची नक्कल करावी लागते. इथे एक अडचण येते जी कळायला रसायनशास्त्र लागत नाही. पीळ घातलेला सुंभाचा दोर घ्या, त्याचे दोन पदर एका टोकाला धरून ओढून वेगळे करा. थोडे अंतर पदर सुटतात, पण पुढच्या भागात पीळ घट्ट होत जातो, दोराला गाठी पडू लागतात आणि शेवटी पदर हलेनासे होतात. डीएनएही दोन पदरांचाच आहे. नक्कल करताना पदर सुटे करावे लागतात आणि पुढे पीळ साठत जातो. तो उलगडण्यासाठी पेशीकडे टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमे असतात. त्यातले पहिले जेम्स वँग यांनी १९७१ मध्ये जिवाणूत शोधले. टोपोआयसोमरेज-१ दोनपैकी एक पदर कापते, कापलेल्या टोकाला स्वतः धरून राहते, दुसऱ्या पदराभोवती ते टोक फिरू देते, पीळ सुटला की कापलेला पदर पुन्हा जोडते आणि निघून जाते. कापणे आणि जोडणे क्षणभरात होते. हे काम आपल्या पेशींमध्ये आत्ता, हा मजकूर वाचताना, अखंड चालू आहे.

कॅम्प्टोथेसिन नेमके काय करते हे १९८५ मध्ये लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी उलगडले. पदर कापलेला असतो आणि एन्झाइम त्याला धरून असते त्या क्षणी हा रेणू त्या फटीत जाऊन बसतो. एकटा डीएनए असेल तर तो फारसा बसत नाही, एकटे एन्झाइम असेल तरी नाही. दोघे मिळून जी जागा तयार होते तीच त्याला हवी असते. तो बसला की जोडणी होत नाही. एन्झाइम तिथेच अडकून पडते. अजून पेशी मेलेली नसते. रेणू निसटला तर पदर जुळतो आणि काम पुढे चालते. पण तेवढ्यात मागून नक्कल करणारी यंत्रणा धडधडत आली आणि त्या अडकलेल्या एन्झाइमवर आदळली, तर दोन्ही पदर तुटतात. असा तुटलेला डीएनए सांधणे पेशीला फार कठीण जाते आणि ती मरते.

केमोथेरपीचे बळ आणि तिचा त्रास, दोन्ही या टकरीत आहेत. नक्कल करत असलेल्या पेशीवरच घाला पडतो. कर्करोगाच्या पेशी सतत नक्कल करत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे इथल्या निरोगी पेशीही भराभर विभागतात. म्हणून जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात, केस जातात. औषध चुकीचे आहे म्हणून हे होत नाही. ते ज्या मार्गाने काम करते त्याचाच हा दुसरा परिणाम आहे. घरच्यांना हे कळले तर पहिल्या दोन डोसांनंतर उपचार सोडून देणाऱ्यांची संख्या घटेल, असे मला मनापासून वाटते.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी वाटते ती झाडाची बाजू. झाड हा रेणू आपल्यासाठी बनवत नाही. पाने कुरतडणारे किडे आणि जनावरे यांच्यापासून तो त्याचा बचाव आहे. पण झाडाच्या पेशींतही टोपोआयसोमरेज आहेच, मग झाड स्वतः कसे मरत नाही? जपानी संशोधकांनी २००८ मध्ये कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींची ही एन्झाइमे तपासली. त्यांत असे बदल सापडले की कॅम्प्टोथेसिनला तिथे नीट बसता येत नाही. त्यातला एक बदल, ७२२ व्या जागी अस्पॅराजिनऐवजी सेरीन, माणसाच्या कर्करोगाच्या अशा पेशींमध्ये आधीच सापडलेला होता ज्यांच्यावर हे औषध चालेनासे झाले होते. झाडाने उत्क्रांतीत शोधलेली पळवाट प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींनीही शोधली होती. पहिल्यांदा विरघळलेली गाठ नंतर औषधाला जुमानत नाही, तेव्हा काय घडत असू शकते याचा हा एक नमुना.

लक्ष्य कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूला नवे हात-पाय जोडले, वलय टिकेल आणि पाण्यात विरघळेल अशी रूपे बनवली. १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना मान्यता मिळाली. पहिले बीजाशयाच्या आणि फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर, पुढे २००६ पासून गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावरही. दुसरे मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. नंदुरबारच्या वाणींनी ज्याची रचना सोडवली त्या रेणूला रुग्णाच्या सलाइनपर्यंत पोचायला तीस वर्षे लागली. अलीकडे तर या घराण्यातले रेणू प्रतिपिंडांना जोडून दिले जातात. प्रतिपिंड गाठीच्या पेशीवरचे विशिष्ट प्रथिन ओळखते, तिला चिकटते, आणि रेणू बहुतांशी तिथेच सुटतो. स्तनाच्या कर्करोगात २०१९ पासून वापरात आलेले ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे त्यातले प्रसिद्ध नाव.

आपल्या दारातली सदाफुली याच रांगेतली. मूळची मादागास्करची, पण आता तुळशीवृंदावनाच्या कडेला, कब्रस्तानात, रेल्वेच्या रुळांकाठी सर्वत्र. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर १९५० च्या दशकात तिच्यात मधुमेहाचे औषध शोधत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळाले आणि पाठोपाठ दुसऱ्या प्रयोगशाळेतून व्हिनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही पहिल्या फळीत आहे. पेशी दोन होताना गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या तयार होतात. सदाफुलीचे रेणू त्या नळ्या बनूच देत नाहीत, तर टॅक्सॉल बनलेल्या नळ्या मोडू देत नाही. सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये टॅक्सॉलचे हे वेगळेपण दाखवले. परिणाम एकच, विभागणी अर्ध्यात अडकते.

आणि इथेच सावध व्हायला हवे. आपल्याकडे सदाफुलीची पाने रोज सकाळी चावणारे अनेक आहेत, साखरेसाठी म्हणून, कुणी कर्करोग होऊ नये म्हणून. ग्रॅमभर व्हिनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. चावलेल्या दोन पानांत औषधाची मात्रा नसते, आणि पुष्कळ पाने खाल्ली तर बाकीची अल्कलॉइडे पोटात जातात ज्यांची मात्रा कोणी मोजलेली नाही. रुग्णालयात व्हिनक्रिस्टिन थेट शिरेतच, काटेकोर मोजून देतात, कारण जरा जास्त झाले तर नसा कायमच्या दुखावतात. नरक्याची साल उकळून पिणे तर अधिकच घातक. त्याच्याच रेणूपासून बनलेल्या इरिनोटेकानचे शरीरात एसएन-३८ हे प्रभावी रूप बनते आणि यूजीटी-१ए-१ नावाचे एन्झाइम ते बाहेर टाकते. काही माणसांत जन्मतःच हे एन्झाइम कमी असते. त्यांना नेहमीचा डोसही बाधतो, तो कमी करावा लागतो. रक्ततपासणी हाताशी असताना जिथे मिलिग्रॅमचा हिशोब होतो, तिथे काढ्याचा पेला कोणत्या हिशोबात बसणार?

हळदीबद्दल बोलायलाच हवे, कारण सांगलीच्या हळदीवर आपला जीव आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्या विजयाचा अभिमान योग्यच आहे. पण तो लढा हे ज्ञान कुणाचे यावर होता. हळदीने कर्करोग बरा होतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात हळदीतला कर्क्युमिन हा रेणू कर्करोगाच्या पेशींवर अनेक परिणाम दाखवतो. माणसाच्या पोटात मात्र तो जेमतेम शोषला जातो आणि शोषलेला लगेच बाहेर टाकला जातो. दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले तरी रक्तात नगण्य सापडतो. हळकुंडात तो असतो तीन टक्क्यांच्या आसपास. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका मोठ्या आढाव्यात त्याच्या शंभराहून अधिक मानवी चाचण्या मोजल्या आणि त्यात काटेकोर दुहेरी अंध पद्धतीने यशस्वी ठरलेली एकही सापडली नाही. काचपात्रात साबणाचे पाणीही कर्करोगाच्या पेशी मारते. औषध ते, जे रक्तातून गाठीपर्यंत पोचते, तिथे नेमके लक्ष्य धरते, आणि रुग्ण त्यामुळे जास्त जगतो असे मोजून दिसते. हळद भाजीत जरूर घाला. तिच्या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका.

कॅम्प्टोथेसिन या तिन्ही कसोट्यांवर उतरले, आणि त्याची किंमत झाडाला मोजावी लागली. १९८५ नंतर मागणी वाढली, १९९६ नंतर झपाट्याने वाढली. कोयना-पाटणच्या आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. तोडणाऱ्या स्थानिक माणसाला किलोमागे किरकोळ पैसे मिळत. हे लाकूड कशाला जाते हेही अनेकांना ठाऊक नसे. वन विभागाने माल पकडला, गुन्हे नोंदवले, पण तोवर कित्येक रानांतली मोठी झाडे संपली होती. ज्यांच्या रानातून हे गेले त्यांच्यापैकी कुणाला त्या औषधाच्या नफ्यातला वाटा मिळाला नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखालच्या गावपातळीवरच्या जैवविविधता समित्या याचसाठी आहेत. आपल्या ग्रामपंचायतीत ती समिती आहे का आणि तिच्या नोंदवहीत आपल्या डोंगरातली झाडे लिहिली आहेत का, हे प्रत्येक मावळकराने एकदा जाऊन बघावे.

झाड न तोडता रेणू मिळवण्याचे मार्ग आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात देवानंद फुलझेले यांच्या गटाने २००१ मध्ये नरक्याच्या पेशी द्रवमाध्यमात वाढवून त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळवले. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीला हाच रेणू बनवताना पकडले. टॅक्सॉलच्या बाबतीत हा प्रश्न आधी सुटला: साल सोलून झाड मारण्याऐवजी दुसऱ्या जातीच्या यूची पाने छाटून त्यातून अर्धा तयार रेणू घेतात आणि उरलेला प्रयोगशाळेत पुरा करतात, पेशीसंवर्धनही वापरतात. नरक्याला हे अजून त्या प्रमाणात साधलेले नाही. बुरशी प्रयोगशाळेत काही पिढ्यांनंतर रेणू बनवणे सोडून देते. म्हणून बियांपासून रोपे करून लागवड करणे आणि रानातली झाडे राखणे, हेच आजचे खात्रीचे काम आहे. रानातली झाडे यासाठीही हवीत की प्रत्येक झाडात रेणूचे प्रमाण सारखे नसते. कुठल्या दरीतल्या कुठल्या झाडात ते सर्वाधिक आहे हे तोडल्यावर कधीच कळणार नाही. आपल्या देवरायांनी, देवाच्या भीतीने का होईना, अशी झाडे शतकानुशतके राखली.

शेवटी पुन्हा माणसाकडे. गर्भाशयमुखाच्या ज्या कर्करोगात टोपोटेकान द्यावे लागते, तो त्या टप्प्याला जाऊच नये यासाठीचा सर्वांत ठोस पुरावा महाराष्ट्रातल्या खेड्यांनी जगाला दिला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना सामावून घेणारी चाचणी केली. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली तिथे पुढच्या आठ वर्षांत या आजाराने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच बायकांच्या, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची लसही आहे. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

घरातल्या तीस वर्षांवरच्या बाईची ही एचपीव्हीची तपासणी करून घ्या, मुलींना लस द्या, मशेरीचा डबा घराबाहेर काढा. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. केमोथेरपी चालू असताना काढा, मुळी, पूड काहीही घेत असाल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. अशा वस्तू औषधाचा शरीरातला हिशोब बिघडवू शकतात. आणि गावात कुणी नरक्याची साल किंवा लाकूड मागायला आला, किंवा डोंगरात त्याची तोड दिसली, तर महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.